लंबाडा नक्की कुणाचा? (आठवणी, माहिती, भांडणं सगळं चालेल)

चिकटटेप

'ऑन द फ्लोअर' लागलं की विशीतल्या पोरांना ते जेनिफर लोपेझचं वाटतं. चाळिशी ओलांडलेले 'अरे हा तर लंबाडा' म्हणतात, आणि 'घायल' पाहिलेले थेट 'सोचना क्या' सुरू करतात. तिघांचंही बरोबर आणि तिघांचंही अर्धवट.

मला माहीत असलेली वंशावळ अशी. चाल बोलिव्हियातली. कोचाबांबाच्या 'लोस कार्कास' या संचातल्या गोन्सालो आणि उलिसेस एर्मोसा या भावांचं 'योरांदो से फुए' हे गाणं १९८१ साली रेकॉर्डवर आलं. संथ, बासऱ्यांवर चालणारं. १९८४ मध्ये पेरूच्या 'क्वार्तेतो कोन्तिनेन्ताल'ने त्याला कुंबिया या लॅटिन अमेरिकन नाचाचा ठेका दिला आणि सुरुवातीला अकॉर्डियन घातलं. १९८६ मध्ये ब्राझीलच्या मार्सिया फेरेराने ते पोर्तुगीजमध्ये आणलं, 'शोरांदो से फोइ'. आणि १९८९ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये जुळवलेल्या 'काओमा' नावाच्या ग्रुपने 'लंबाडा' काढून अख्खी दुनिया घुसळली. फ्रान्समध्ये १२ आठवडे पहिला नंबर, इंग्लंडात चौथा.

आता माझं मत. अकॉर्डियन पेरूचं, शब्द ब्राझीलचे, चाल बोलिव्हियाची. मग काओमाचं त्यात काय? आखूड स्कर्ट आणि जाहिरात. गाणं उत्तान म्हणून खपवलं, मूळ गाणं तसं नव्हतंच.

तुम्ही पहिलं कुठलं ऐकलंत आणि गाणं कुणाचं मानता?

उनाडपाखरू

घायल. विषय संपला.

रातराणी

मस्त धागा. आमच्याकडे मस्कतहून मामाने कॅसेट आणली होती, ९० च्या मे महिन्यात. वर एक बाई गिरकी घेतेय आणि स्कर्ट पार कमरेपर्यंत उडालाय. आजीने ती कॅसेट कपाटात ठेवताना कायम उलटी ठेवली. गाण्याबद्दल अक्षर बोलली नाही, उलट पोळ्या लाटताना तीच चाल गुणगुणायची. पायरेटेड असावी, कारण 'बी' बाजूला मध्येच सामंथा फॉक्स उपटायची.

मला काओमाच खरा वाटतो. कारण काही नाही, पहिलं प्रेम.

खवचटराव

>> मस्कतहून मामाने कॅसेट आणली

त्या काळात प्रत्येकाला आखातात एक मामा कंपल्सरी होता का? आमचा फक्त टँग आणि सेंट आणायचा. फसवले गेलो.

सांबासालसा

चिकटटेप, 'आखूड स्कर्ट आणि जाहिरात' हे नाचणाऱ्या माणसाला पटणार नाही. मी वर्ग घेते, त्यामुळे थोडं लांबण लावते.

लंबाडा हा नाच काओमाच्या आधीचा आहे. उत्तर ब्राझीलमध्ये पारा नावाचं राज्य, त्याची राजधानी बेलेम, ॲमेझॉनच्या मुखाजवळ. तिथला जुना लोकनाच कारिंबो. त्यात कॅरिबियन बेटांवरच्या रेडिओवरून येणारं मेरेंगे वगैरे मिसळलं आणि १९७० च्या दशकात 'लंबाडा' हे नाव रुळलं. पिंदुका नावाच्या गायकाच्या १९७६ च्या रेकॉर्डवर त्या नावाचं गाणं आहे. तिथून नाच किनाऱ्याने खाली सरकत बाहियातल्या पोर्तो सेगुरोला पोचला. पर्यटकांचं गाव, रात्रभर समुद्रकाठी नाच. फ्रेंच निर्माते जाँ काराकोस आणि ओलिव्हिए लोर्साक यांनी तो तिथेच पाहिला.

'फॉरबिडन डान्स' म्हणून जी बोंब होती, १९३० च्या दशकात ब्राझील सरकारने यावर बंदी घातली होती वगैरे, ती पोस्टरवरची गोष्ट. ज्याला नावच सत्तरच्या दशकात मिळालं त्याच्यावर तिशीत बंदी घालणार कशी?

आणि उत्तान म्हणाल तर आहेच. पुरुषाची उजवी मांडी बाईच्या दोन पायांच्या मध्ये, कंबरा जवळजवळ चिकटलेल्या, आणि सगळं वळण गुडघ्यांतून वर येतं. शिकवताना पहिले काही दिवस लोक एकमेकांकडे न बघता भिंतीकडे बघून नाचतात. पण ते जमवायला पोटाच्या स्नायूंची जी ताकद लागते ती पोस्टरवर दिसत नाही.

बेंजोवाला

आम्ही हे गाणं कुणाचं ते कधी विचारलंच नाही, वाजवलं मात्र बक्कळ. परळ-लालबागच्या बेंजो पार्टीत होतो. नव्वद सालच्या गणपतीत लंबाडा नाही वाजवला तर मंडळ पुढच्या वर्षी सुपारी देणार नाही अशी अवस्था.

बेंजोवर बसतं पण फार सुंदर. चाल पंचमावरून पायरी पायरीने षड्जाकडे उतरते, गंधार कोमल. डाव्या हाताची बोटं बटणांवरून नुसती घसरत जातात. अडचण एकच, अकॉर्डियनचा सूर लांबतो, बेंजोची तार छेडली की विझते. म्हणून लांब सुराच्या जागी आम्ही तार भराभर छेडून थरथर भरायचो. खाली ढोलकी आणि ताशा. मिरवणूक चौकात अडकली की तोच तुकडा परत, परत, परत. नाचणाऱ्यांपैकी कुणाची मांडी कुठे होती ते सांबासालसाताईंनी न पाहिलेलंच बरं.

रातराणी

हहपुवा! (हसून हसून पुरेवाट)

मांडवीकाठ

गोव्याहून थोडं. आमच्या शेजारच्या आवोय, एक वयस्कर बाई, लिसेवमध्ये (पोर्तुगीज काळातली शाळा) शिकलेल्या, पोर्तुगीज अस्खलित. नव्वदच्या नाताळात क्लबात हे गाणं लागलं आणि सगळी तरुण मंडळी फ्लोअरवर. आवोय खुर्चीत बसून नीट शब्द ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, अरे, गाणारीला सोडून कोणीतरी रडत गेलंय, आयुष्यभर ती आठवण त्या जाणाऱ्याला छळणार आहे, आणि तुम्ही कसले उड्या मारताय?

संपूर्ण क्लबात गाण्याचा अर्थ कळलेली बहुधा ती एकटीच बाई. तेव्हा चिकटटेप यांच्याशी अर्धा सहमत. गाणं विरहाचंच आहे. पण विरहाच्या गाण्यावर नाचू नये असं कुठे आहे? आमचा मांडो (गोव्याचा गाण्यावरचा नाच) हा दुःखाचाच असतो आणि लग्नात नाचतातच की.

चिकटटेप

मांडवीकाठ, मांडोचा मुद्दा मान्य. सांबासालसा, नाच ब्राझीलचा हे तर तुम्हीच सिद्ध केलंत. माझा प्रश्न तसाच आहे, काओमाचं काय?

कलमबहाद्दर

काओमाचं काय ते कागदावर बघू.

रेकॉर्ड आली तेव्हा गीत-संगीतकार म्हणून नाव होतं 'शिको दे ओलिव्हेरा'. असा कुणी ब्राझिलियन संगीतकार नव्हता. ते लोर्साकचंच टोपणनाव, आणि त्याच नावाने गाणं फ्रान्सच्या 'सासेम' या हक्कवसुली संस्थेत नोंदवलेलं. पाठीशी टीएफ१ ही फ्रान्सची सगळ्यात मोठी टीव्ही वाहिनी आणि ओरांजिना हे शीतपेय. म्हणजे उन्हाळाभर टीव्हीवर गाणं, आणि गाण्यासोबत संत्र्याचं सरबत. नियोजन म्हणून अव्वल दर्जाचं.

एर्मोसा बंधूंनी दावा लावला आणि जिंकले. नावं आली, पैसेही मिळाले. मार्सिया फेरेराचे पोर्तुगीज शब्द विचारल्याशिवाय घेतले होते, ते प्रकरण वेगळं. त्यामुळे कव्हर की चोरी याचं उत्तर सोपं आहे. नाव देऊन, रॉयल्टी भरून गायलं की कव्हर. नाव बदलून नोंदवलं की चोरी. चाल तीच, ठेका तोच, फरक फॉर्मवरच्या एका रकान्याचा.

२०११ च्या 'ऑन द फ्लोअर'मध्ये श्रेयनामावलीत एर्मोसांचं नाव आहे. त्याच वर्षी डॉन ओमारने 'ताबू' केलं, तेही याच चालीवर. एकदा कोर्टात पोळलं की पुढचे सगळे शहाणे होतात.

खवचटराव

आणि 'सोचना क्या'चे संगीतकार, आमचे बप्पीदा (लाहिरी)? त्यांचा रकाना कुठाय?

सिनेमावेडा

'घायल' २२ जून १९९० ला आला, 'दिल' आला त्याच दिवशी. काओमाच्या रेकॉर्डनंतर वर्षाच्या आत आपल्याकडे चाल सनी देओलच्या सिनेमात. टपालसुद्धा इतकं लवकर पोचत नव्हतं तेव्हा. आणि आवाजात आपल्या आशाताई, ते विसरू नका. चाल कुठलीही असो, बाईंनी तोंडात घेतली की ती त्यांची होते.

अवांतर: हॉलीवूडमध्ये याहून मोठी गंमत झाली. गोलन आणि ग्लोबस हे चुलतभाऊ, कॅनन फिल्म्सचे मालक. भांडून वेगळे झाले. दोघांनाही लंबाडावर सिनेमा काढायचा होता. एकाने 'लंबाडा' काढला, दुसऱ्याने 'द फॉरबिडन डान्स', आणि दोन्ही १६ मार्च १९९० ला, एकाच दिवशी लागले. दोन्ही आपटले. 'फॉरबिडन डान्स'मध्ये लॉरा हॅरिंग ॲमेझॉनची राजकन्या असते आणि जंगल वाचवण्यासाठी अमेरिकेत येऊन टीव्हीवर लंबाडा नाचते. मी पूर्ण पाहिलाय. सहानुभूती नको, सवय आहे.

उनाडपाखरू

जंगल वाचलं का पण?

सिनेमावेडा

निर्मात्याचे पैसे तरी वाचले नाहीत.

कलमबहाद्दर

खवचटराव, बप्पीदांचा रकाना आहे, पण उलट्या बाजूचा. १९८१ च्या 'ज्योती'मधलं लताबाईंचं 'थोडा रेशम लगता है' त्यांचं. २००२ मध्ये अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' गाजलं, डीजे क्विकने केलेलं. त्यात लताबाईंचा आवाज जसाच्या तसा, परवानगी नाही, नाव नाही. बप्पीदा कोर्टात गेले. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी सांगितलं, लाहिरींचं नाव छापल्याशिवाय ही सीडी विकायची नाही.

खवचटराव

म्हणजे 'सोचना क्या'वाला माणूस म्हणतोय, आधी विचारायला नको होतं का?

रातराणी

माणूस गेला आहे, जरा जपून. आणि त्यांनी स्वतः केलेल्या चालीही कमी नाहीत.

खवचटराव

रातराणी, मी भक्तच आहे. पण भक्ताला देवाचे दागिने कुठून आले ते माहीत असावं.

दूरदेशी

उशिरा आलो, माद्रिदहून. इथे बोलिव्हियन मंडळी भरपूर आहेत. आमच्या भागात दरवर्षी त्यांची मिरवणूक निघते, घुंगरांचे बूट घालून कापोरालेस नावाचा नाच नाचतात. तिथे 'योरांदो से फुए' लागलं की थांबून ऐकतो.

मूळ गाण्यात ती प्रसिद्ध सुरुवात सांपोन्यावर आहे, म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या एकत्र बांधलेला पावा. अकॉर्डियनवर जे सलग ऐकू येतं ते तिथे श्वासाने तुटत तुटत येतं, प्रत्येक सुराच्या सुरुवातीला फुंकरीचा फस्स आवाज. खाली चारांगो, दहा तारांचं इटुकलं वाद्य, आणि बोंबो नावाचा मोठा ढोल. काओमापेक्षा चांगलंच संथ. बेंजोवाल्यांना लांब सुराची जी अडचण आली ती सांपोन्यावाल्यालाही येतेच, दम किती पुरणार? तोही थरथर भरतो.

धाग्यात कुणीतरी 'लोकगीत' म्हणेल म्हणून आधीच सांगतो, हे पारंपरिक नाही. लोकसंगीताच्या ढंगात रचलेलं, पण दोन माणसांनी बसून केलेलं गाणं आहे. 'पारंपरिक चाल' म्हटलं की मालक उरत नाही, आणि डोंगराळ, गरीब देशांतल्या गाण्यांवर हा शिक्का फार पटकन बसतो. एर्मोसांना आधी तेच खोडावं लागतं, की अहो आम्ही जिवंत आहोत. उलिसेस १९९२ मध्ये गेला, म्हणजे दाव्याचा निकाल त्याने जेमतेम पाहिला.

पण गोष्ट इथेही थांबत नाही. कार्कासवाले आपल्या अशा ठेक्याला 'साया' म्हणत आले. साया हा बोलिव्हियातल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांचा प्रकार, युंगास खोऱ्यातला. गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. ते लोक म्हणतात, तुम्ही जे वाजवता तो साया नाहीच, तो कापोराल, आमचं नाव वापरू नका. म्हणजे ज्यांचं चोरलं त्यांच्याकडेही कुणीतरी बोट दाखवतंय.

चिकटटेप

दूरदेशी, हे सायाचं नवीन कळलं. जबरदस्त. मग तालाचा हक्क कुणाचा, कलमबहाद्दर?

कलमबहाद्दर

ठेक्यावर हक्क नसतो. केरवा कुणाच्या बापाचा नाही तसंच. चालीवर असतो, शब्दांवर असतो, ध्वनिमुद्रणावर असतो. समाजाच्या वारशाला कॉपीराइट कायद्यात सहसा रकानाच नसतो, ही खरी अडचण. दूरदेशींनी सांगितलेला वाद त्यामुळेच कोर्टात न जाता रस्त्यावर आणि रेडिओवर राहिला.

सांबासालसा

माझा मुद्दा राहून जातोय. काओमाचं काय, याचं माझं उत्तर आहे लोआल्वा ब्राझ, त्यांची गायिका. रिओची बाई, पॅरिसमध्ये गात होती. तिच्या गळ्यात जी किंचित खरखर आहे, शब्दाच्या शेवटी सूर सोडून देण्याची सवय आहे, ती ना कार्कासच्या गाण्यात ना मार्सियाच्या. नंतर एवढ्या जणांनी गायलं, नक्कल करायची झाली तर सगळे लोआल्वाची करतात. जपानी व्हर्जनसुद्धा. चोरी निर्मात्याने केली असेल, गाणाऱ्या बाईने नाही.

आणि तो व्हिडिओ आठवतो का? बाहियातल्या समुद्रकिनाऱ्यावरची टपरी. सोनेरी केसांची छोटी मुलगी आणि सावळा मुलगा नाचतात. मुलीचा बाप येऊन तिच्या थोबाडीत देतो. आपण सगळे कमरा बघत बसलो आणि त्यातली वर्णद्वेषाची गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नाही. त्या दोघांची, शिको आणि रोबेर्ताची, पुढे स्वतंत्र रेकॉर्डही निघाली.

रातराणी

थोबाडीत आठवते! आम्हाला वाटायचं अभ्यास सोडून नाचते म्हणून मारलं.

मांडवीकाठ

लोआल्वाचा शेवट फार वाईट झाला. रिओजवळ साकारेमाला तिचं छोटं अतिथीगृह होतं. जानेवारी २०१७ मध्ये तिथे दरोडा पडला, जळालेल्या गाडीत तिचा मृतदेह सापडला. पकडलेल्यांत तिच्याकडे काम केलेला एक जण होता. ६३ वर्षांची होती. आणि योगायोग कसला, निर्माता काराकोसही त्याच महिन्यात गेला.

उनाडपाखरू

बापरे. हे माहीत नव्हतं.

चिकटटेप

सांबासालसा, आवाजाचा मुद्दा घेतो. पण मग पावती लोआल्वाला द्या, काओमाला नको. पोस्टरवर तिचं नाव किती मोठं होतं? ग्रुपचं नाव मोठं, नाचाचं नाव त्याहून मोठं. ज्याच्यावर पैसा मिळणार होता ते ठळक.

सिनेमावेडा

हे तर कुठल्याही आयटम साँगला लागू. गाणारीचं नाव किती जणांना माहीत असतं?

सांबासालसा

अगदी. बरं, नाचाचं पुढे काय झालं तेही सांगते. नव्वदीच्या मध्यापर्यंत लंबाडाच्या नव्या रेकॉर्ड निघायच्या बंद झाल्या. नाचणारे मात्र शिल्लक होते. त्यांनी कॅरिबियनचं झुक संगीत लावून तोच नाच चालू ठेवला, वेग कमी केला, आणि आज जगभर 'ब्राझिलियन झुक' म्हणून वर्ग चालतात ते हेच. मुंबई-पुण्यातही चालतात. वर्गात मी कधी कधी दूरदेशींनी सांगितलेलं कार्कासचं मूळ गाणं लावते. झुकच्या वेगाला ते काओमापेक्षा जास्त बसतं.

दूरदेशी

हे भारी आहे. म्हणजे फिरून गाणं आपल्या मूळ वेगाला आलं.

बेंजोवाला

एक शंका, कलमबहाद्दर साहेब. आमची पोरं आता 'ऑन द फ्लोअर'वाला तुकडा वाजवतात, मग लंबाडा, मग 'सोचना क्या', एकाच दमात. विसर्जनाला, लग्नाच्या वरातीला. एवढ्या लोकांची नावं वर आली, आम्ही यातल्या नक्की कुणाला पैसे द्यायचे?

कलमबहाद्दर

कुणालाच नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभात वाजवायला सूट आहे, आणि स्पष्टीकरणात लग्नाची वरात नाव घेऊन लिहिलेली आहे. ध्वनिमुद्रण करून विकलंत तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी परवानगी काढा. मिरवणुकीत बिनधास्त वाजवा. डेसिबलचं पोलिसांशी तुमचं तुम्ही बघा.

बेंजोवाला

पोलीस येतात, पण या गाण्याला ते पण थांबतात. आमची खरी पंचाईत ढोलकीवाल्याची आहे. नवीन पोरगा जेनिफरच्या वेगात सुरू करतो आणि लंबाडा येईपर्यंत ठेका अर्धा मात्रा पुढे पळालेला असतो. दूरदेशी, त्या बोलिव्हियन ढोलाचा ठेका कसा पडतो ते बोल लिहून टाकता का? या वर्षी त्या वेगात एकदा वाजवून बघतो.

दूरदेशी

रविवारी मिरवणूक आहे. रेकॉर्ड करून आणतो, बोल तुम्हीच बसवा.